तेजसचे पाय

मला ओरडा, असं मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं आहे, आणि त्यांनी काही ते मनावर घेतलं नाही. दिनानाथ त्यांचं नाव. माण तालुक्यातले, फौजेत छत्रीधारी सैनिक, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलेले. आम्ही त्यांना सुभेदारसाहेबच म्हणायचो. रविवारी सकाळी बेलापूरच्या मैदानावर ते आम्हाला पॅराशूट बांधून विमानातून उडी मारायला शिकवायचे. विमान अर्थातच नव्हतं. ते हिवाळ्यात, घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर, एका दिवसापुरतं भाड्याने मिळणार होतं. तोवर आमच्याकडे होतं माणसाच्या उंचीचं एक लाकडी मचाण, त्याच्यापुढे वाळूचा हौद आणि सुभेदारांचा आवाज.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. वाशीला खेळाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या विलासने हौसेने साहसी खेळांचं मंडळ काढलं होतं, आणि त्याची सूचना आमच्या ऑफिसच्या लिफ्टशेजारी लागली होती. मी बेलापूरला एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागात काम करत होते. आधी नाव दिलं आणि मग घरी सांगितलं. उडी कशासाठी मारायची, असं प्रत्येक जण विचारायचा आणि मी प्रत्येकाला वेगळं कारण द्यायचे. खरं कारण एवढंच होतं की लग्न झाल्यापासून मी जे जे केलं, ते कुणाला तरी विचारून, कुणाच्या तरी सोबतीने, कुणाच्या तरी सोयीने केलं होतं. विमानाच्या दारातून कुणी सोबत येत नाही, हे मला फार आवडलं होतं.

निशांत, माझा नवरा, म्हणाला की विम्याचे कागद कुठे आहेत ते बघून ठेवतो, आणि पुन्हा पेपरात शिरला. सासूबाई मला काहीच म्हणाल्या नाहीत. त्या मला कधीच काही म्हणत नाहीत. त्या माझ्या नणंदेला फोनवर म्हणतात. "नंदिनी, काही लोकांना जमिनीवर बरं वाटत नाही बाई," असं त्या हॉलमधून म्हणाल्या, आणि मी स्वयंपाकघरात मुकाट्याने पोळी उलटली. चहात आलं कमी पडलं तर त्या भांडीवाल्या शेवंताबाईंना सांगतात की पूर्वीच्या बायका कशा आलं ठेचून घालायच्या. शेवंताबाई मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी आलं मी जास्त घालते. लेकी बोले सुने लागे ही म्हण आमच्या घरात मुक्कामालाच आहे. फोनवरच्या अर्ध्या तासाच्या गप्पांतून माझ्या वाट्याचं वाक्य मी तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढू शकते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी फजिती झाली, ती या हुशारीसकट झाली.

आमचं पॅराशूट म्हणजे साधी गोल छत्री. तिचा दोर विमानालाच बांधलेला असतो, त्यामुळे उडी मारली की ती आपोआप उघडते. वर शिकण्यासारखं फारसं काही नसतं. शिकायचं असतं ते पडायला. ती छत्री माणसाला अलगद उतरवत नाही, घराच्या पत्र्यावरून उडी मारल्यावर आपटतो तसं आपटवते. म्हणून पाय घट्ट जोडलेले, गुडघे सैल, हनुवटी छातीशी, नजर समोर पारसिकच्या डोंगरावर, आणि जमीन लागली की एका कुशीवर लोळण घ्यायची. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की एक पाय जमीन शोधायला आपणहून पुढे होतो, सगळं वजन त्या एकट्यावर येतं आणि हाड मोडतं. सुभेदारांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि पुढचे सगळे रविवार आम्ही मचाणावरून वाळूत पडत होतो.

सुरुवातीला डझनभर लोक आले होते. दिवाळीपर्यंत कॉलेजची दोन मुलं, तेजस आणि मी एवढेच उरलो. तेजस बेलापूरशेजारच्या दिवाळे गावचा, कोळ्यांचा मुलगा, पंचविशीतला. वडील, देवजी, अजून खाडीत होडी घालायचे, पण तेजसने गावात केबलचा धंदा टाकला होता आणि तो दिवसभर तारा घेऊन या गच्चीवरून त्या गच्चीवर फिरायचा. मचाणावर चढायचा माझ्यापाठोपाठ त्याचा नंबर. मी पडून, वाळू झटकत बाजूला होईपर्यंत तो वर उभा असायचा, आणि सुभेदारांची तोफ सुटायची.

"तेजस, पाय हायेत का वाळवण, आं? पसरून कशापायी टाकतुयास? यस्टीतनं उतरतुयास व्हय?"

तेजस कान पाडून ऐकायचा. मग ते माझ्याकडे वळायचे, आवाज एकदम खाली यायचा, नजर माझ्या बुटांवर जायची आणि ते म्हणायचे, छान ताई. दर वेळी तेच. मी कुशीवर पडले तरी छान, पाठीवर आपटले तरी छान. एकदा तोंडात वाळू गेली, तेव्हाही ते रुमाल पुढे करून छानच म्हणाले. कॉलेजच्या मुलांना शिव्या, तेजसला तर शिव्यांचा अभिषेक, आणि मला प्रसाद. पहिल्या महिन्यात मला ते सुखाचं वाटलं. दुसऱ्या महिन्यात माझा उजवा घोटा संध्याकाळी सुजायला लागला आणि मला शंका यायला लागली.

घोटा खोटं बोलत नाही. काहीतरी चुकत होतं आणि ते मला कुणी सांगत नव्हतं. कुणी का सांगत नव्हतं, याचा मी माझ्या परीने अर्थ लावला. या माणसाला वाटतंय की ही बाई हौस म्हणून येते, शेवटच्या दिवशी घाबरून घरी बसणार, मग कशाला हिच्यावर घसा कोरडा करा. ते मनात आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विलासकडे गेले. मला दुसरा शिकवणारा द्या, म्हटलं. तो हसायलाच लागला. वहिनी, म्हणाला, लोक मास्तर ओरडतो म्हणून तक्रार करतात, तुम्ही ओरडत नाही म्हणून करताय. दुसरं कुणी नाहीच, असला माणूस अख्ख्या नवी मुंबईत शोधून मिळायचा नाही, त्यांच्याशीच बोला. आणि वर, घाटावर कुणाला न्यायचं ते सुभेदारच ठरवणार, हेही त्याने सांगून ठेवलं.

पुढच्या रविवारी चहाच्या टपरीवर मी सुभेदारांना गाठलं. म्हटलं, मला उडी मारायची आहे, खरोखर मारायची आहे, माझं काय चुकतं ते सांगा आणि तेजसला ओरडता तसं मला ओरडा. ते इतके अवघडले की टोपी काढून हातात धरली.

"ताई," ते म्हणाले, "आवाज चढवायचा म्हंजी समोर मानूस बरुबरीचा पायजे, न्हाईतर हाताखालचा. तुमी दोन्ही न्हाई."

"मग मी कोण?"

"तुमी ताई. आमच्या घरात बापानं कदी बहिनींवर आवाज चढवला न्हाई. मला यायचं न्हाई ते." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "काय चुकलं तर तुमच्या कानावर घालीन. शबुद देतो."

त्या दिवशी त्यांनी तेजसला असा काही सोलून काढला की टपरीवाला टपरी सोडून बघायला आला. एक पाय म्होरं, एक पाय म्होरं, कितीदा सांगू, भुई काय पळून चाललीया का, म्हणून पाय टाकून धरतुयास. मला छान ताई. शब्द दिला आणि पाळला नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि बोलणंच सोडलं.

परत जाताना तेजस आणि मी बसच्या थांब्यापर्यंत बरोबर चालायचो. तो गप्प गप्प असायचा. एकदा त्याने विचारलं, "मॅडम, माझा पाय खरंच पुडं जातो काय? मना तर दोनी पाय संगतीच लागलेले वाटतान." मी तेव्हा वाळूतून उठत असायचे, त्याचे पाय मी कधी नीट बघितलेच नव्हते. सुभेदार एवढं ओरडतात म्हणजे जात असेल, असं मी म्हटलं. त्याने मान हलवली. रोज घरच्या ओट्यावरून उड्या मारून बघतो, म्हणाला, पन समजत नाय. पुढच्या रविवारपासून तो उडी मारताना आपल्या पायांकडे बघायला लागला. सुभेदार आणखी चिडले, आता खाली बघतुयास व्हय म्हणाले. तो घाबरून वर बघायचा आणि मग पाय कुठे आहेत ते बघायला पुन्हा खाली. लहानपणापासून होडीतून चिखलात दोन्ही पायांवर उडी मारणारा तो मुलगा, त्याला आता साधी पायरी उतरताना विचार करावा लागत होता. मला त्याची कीव येत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं, की माझ्यापेक्षा कुणीतरी वाईट आहे.

डिसेंबरात एका रविवारी सासूबाई मैदानावर आल्या. आदल्या रात्री त्यांनी नंदिनीला फोनवर सांगितलं होतं की घरातली माणसं कुठे जातात ते एकदा बघून यावं, त्यात काही चूक नाही. ते माझ्या वाट्याचं वाक्य होतं, म्हणून मी सकाळी त्यांच्यासाठीही पोह्यांचा डबा भरला. विलासने त्यांना झाडाखाली खुर्ची दिली. त्या डबा मांडीवर ठेवून, चष्मा पुसून, कीर्तनाला बसल्यासारख्या बसल्या.

मी पडले. छान ताई. तेजस मचाणावर उभा, त्याने अजून उडीही मारली नव्हती, आणि सुभेदार त्याच्यावर कडाडले, पाय जोड म्हणून सांगतुया न्हवं. मी पाणी प्यायला झाडाखाली आले. सासूबाई तेजसकडे बघत होत्या.

"त्या मुलाला का ओरडतोय तो?" त्या म्हणाल्या. त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला, हेच नवीन होतं. "त्याने अजून उडी तरी कुठे मारली? पाय पुढे टाकलास तू. बसमधून थांब्याच्या आधी उतरतेस ना, तसा. मघाशी पण तूच टाकलास. तो तुला बोलतोय गं, आणि ऐकतोय तो बिचारा."

एवढी वर्षं त्या घरात काढलेली मी, मला ते ऐकू आलं नव्हतं. स्वयंपाकघरातून हॉलमधलं आडून बोललेलं मला ऐकू येतं, पण मैदानात, पुरुषाच्या तोंडून, लष्करी आवाजात आलेली तीच जुनी गोष्ट मी ओळखली नाही. यस्टीतनं उतरणारी मी होते. वाळवण माझं होतं. शब्द दिल्याप्रमाणे दर रविवारी ते माझ्या कानावर घालत होते, आणि तेजसचे पाय पहिल्या दिवसापासून जोडलेलेच होते.

मी वळून हाक मारणार, तोवर तेजसने उडी मारली होती. पाय जोडलेले आहेत का ते बघायला त्याने खाली बघितलं. एक पाय पुढे गेला, खरोखरच गेला, आणि घोट्याचा जो आवाज झाला तो झाडाखालीसुद्धा ऐकू आला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी, माझ्या डोळ्यांसमोर. विलासने त्याला उचलून रिक्षात घातलं. सुभेदार त्याच्याशेजारी वाळूत गुडघ्यांवर बसले होते ते तसेच बसून राहिले.

संध्याकाळी मी दिवाळ्याला गेले. तेजस ओट्यावर बसला होता, पाय प्लास्टरमध्ये, समोर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. त्याची आई, पुतळाबाई, टोपली आवरत होती. सुभेदार आधीच येऊन खालच्या पायरीवर बसले होते. त्यांच्यापुढचा चहा थंड झाला होता आणि त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला बघताक्षणी कळलं. तेजस उलट त्यांचीच समजूत घालत होता, माझंच चुकलं साहेब, तुमी कितीदा सांगितला.

मला राहवलं नाही. म्हटलं, तेजस, तुझं काहीही चुकलं नव्हतं, पाय माझा पुढे जात होता, मला बोलायचं म्हणून ते तुला बोलत होते. तेजस माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी मान वर केली नाही.

"मंग माझा बरोबर होता?" तो म्हणाला. "येवढा तरी सांगायचा ना साहेब. येकदा तरी."

सुभेदार शेवटी म्हणाले की घरात असंच चालतं, थोरल्या सुनेला बोललं की धाकटीला कळतं, पोरगा सोसतोय म्हटलं, सोसू दे, पोरगा दमाचा आहे. पुतळाबाईने टोपली खाली ठेवली. "आमच्यात सासू सुनंला तोंडावर बोलतं," ती म्हणाली. "वाऱ्यात आडून बोललेला कोनाला आयकू येतं?" तिच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवला नाही.

रागावलेली मीही होते, पण मला भीतीही वाटत होती. घाटावर छत्री उघडल्यानंतर जमिनीवरून सुभेदार हातातल्या भोंग्यावर सूचना देणार होते, हे ठरलेलं होतं. मी त्यांना विचारलं, "तेजसचा पाय बरा झाला की कधीतरी वर हवेत आम्ही दोघं असू. खाली बघत मी असेन आणि तुम्ही भोंग्यावर तेजसचं नाव घ्याल, तर कोण काय करेल, सांगा." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. गेले तेव्हा चहा तसाच होता.

पुढच्या रविवारी मी मचाणावर चढले आणि उभी राहिले. तेजस नव्हता. सुभेदारांनी सवयीने माझ्यामागे बघितलं, तिथे कुणीच नव्हतं. ते कॉलेजच्या मुलांकडे वळले. मी म्हटलं, मुलांना नाही, मला, आणि माझ्या नावाने.

"क्षिप्राताई," ते म्हणाले, "पाय म्होरं जातुया."

मी उडी मारली. "गेला. परत जावा वर." पुन्हा. "परत गेला. सांगतुया ते डोस्क्यात शिरतंया का न्हाई?" त्यांचा आवाज एकदा सुटला तो सुटलाच. दुपारपर्यंत मी वाळूत पडत होते आणि दर वेळी माझं नाव आणि माझी चूक मैदानभर ऐकू जात होती. ओरडा मागणं सोपं असतं, खाणं अवघड. तोंड फिरवून मी डोळे पुसले, आणि त्यांनी ते बघितलं असूनही पुन्हा वर जायला सांगितलं. छान ताई किती मऊ होतं, ते मला त्या दिवशी कळलं. ते परत मिळालं तर घ्यावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

घाटावर जाण्याच्या आधीच्या रविवारी सुभेदारांनी आम्हा तिघांना उभं केलं. कॉलेजच्या दोघांना, तुमी चला म्हणाले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी बुटांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"क्षिप्राताई, तुमाला ह्या वक्ताला न्हेणार न्हाई. दहात चार डाव पाय अजून म्होरं जातुया."

मी म्हटलं की तुम्हीच इतके महिने छान म्हणालात. तुम्ही सांगितलं असतं तर ती सवय केव्हाच गेली असती, तुमच्या छानमुळे ती पक्की झाली. मी बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय," ते म्हणाले. "त्यो छान माजी चूक हाय. पर हाड तुमचं मोडंल. म्हनून न्हेणार न्हाई."

घरी येऊन मी बूट काढले आणि तशीच स्टुलावर बसून राहिले. सासूबाई फोनवर होत्या. माझा चेहरा बघून त्या नंदिनीला म्हणाल्या की काही जणींचं यंदा नाही जमणार बहुतेक. मग त्या थांबल्या. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वाईट वाटलं का गं?" मी हो म्हटलं. एवढंच. पण मग मला इतकं रडू आलं की त्यांनी फोन ठेवून दिला आणि चहा टाकला. आलं त्यांनीच ठेचलं.

मंडळी घाटावर गेली त्या रविवारी मला मैदानावर जाववेना आणि घरी बसवेना, म्हणून मी दिवाळ्याला गेले. तेजसच्या ओट्यावर चढले. तेजस प्लास्टर पुढे पसरून खालच्या अंगाला बसला. मी उडी मारली की तो सांगायचा, मॅडम, परत पुडं गेला. पुतळाबाई मासळीवरून मान वर न करता म्हणायची, गेला. मग शेजारच्या ओट्यावरच्या दोघी तिघी बघायला लागल्या, आणि थोड्या वेळात सगळी आळी माझ्या पायांवर बोलायला लागली. कुणी म्हणे साडी नेसून उडी मार म्हंजे पाय आपोआप जुळतील, कुणी म्हणे ही बाय बेलापूरला रोज बसमदून पडत असंल. कुणी आडून बोललं नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यानंतर मी तिथे बरेच रविवार गेले. थांब्याच्या आधी बसमधून उतरणं मी तेव्हापासून बंद केलं आहे.

उडी आम्ही पुढच्या हिवाळ्यात मारली, तेजस आणि मी, एकाच फेरीत. दार, वारा, आणि माझ्या पाठीवर थाप मारणारे एक अनोळखी निवृत्त साहेब, यातलं मला फारसं आठवत नाही. छत्री उघडल्यावर एकदम शांत झालं ते आठवतं. खाली पिवळं गवत होतं, पलीकडे जरा वर तेजसची छत्री होती, आणि मी एकटी होते, मला हवं होतं तशी. मग गवत मोठं व्हायला लागलं आणि माझी मान आपोआप खाली झुकली.

"क्षिप्रा," खालून भोंगा कडाडला. ताई नाही, काही नाही. "क्षिप्रा, खाली बगू नगंस. म्होरं बग. पाय जोड."

मी समोर बघितलं. तिथे पारसिक नव्हता, दुसराच कुठला तरी डोंगर होता, तो बघितला. जमीन येऊन आपटली, मी कुशीवर लोळले आणि आकाशाकडे बघत पडून राहिले. काहीही मोडलं नव्हतं. सुभेदार भोंगा घेऊन धावत आले, माझ्यापाशी उभे राहिले, धाप लागलेली. आता ते छान म्हणतील, असं मला वाटलं, आणि म्हणू नयेत असंही वाटलं.

"पाय जोडल्यालं व्हतं," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. तोवर पलीकडे तेजस उतरला होता. उठून, छत्री गोळा करत, बऱ्या झालेल्या पायावर जरा जपून भार देत तो आमच्याकडे येत होता. सुभेदार त्याच्याकडे वळले. तो अगदी जवळ येईपर्यंत थांबले, भोंगा खाली ठेवला आणि टोपी काढली.

"तेजस," ते म्हणाले, "तुजं पयल्या दिसापास्नं बरुबर व्हतं."

तेजसने छत्रीचा बोजा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"ते मना माहीत हाय, साहेब," तो म्हणाला. "तुमी सांगायची वाट बगत होतो."